कलिंगडाची गोडी येते कुठून?

उन्हाळ्यात रस्त्याकडेला कलिंगडाच्या राशी दिसू लागल्या की आपण फळ वाजवून पाहतो, पण ते कोणत्या जमिनीत वाढले हे विचारीत नाही. वास्तविक गोडी तेथूनच सुरू होते.

कलिंगड मूळचे आफ्रिकेतील. ऊन आणि कोरडी हवा या वेलाच्या अंगवळणी पडलेली. बी रुजायला २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता उत्तम. माती १५ अंशांखाली गेली की बी नुसते पडून राहते. म्हणूनच आमच्या कोकणात थंडी सौम्य असल्याने भातकापणीनंतर डिसेंबरातही लावणी जमते, तर घाटावर पुष्कळ ठिकाणी थंडी ओसरण्याची वाट पाहतात. ढगाळ, दमट हवा मात्र या पिकाची वैरीण. पानांवर भुरी आणि केवडा येतो, मधमाश्या कमी फिरकतात. नर आणि मादी फुले वेगळी असल्याने माशी नाही तर फळ नाही! शिवाय साखर तयार होते ती पानांत, उन्हाच्या बळावर. फळ पिकताना ऊनच पडले नाही, तर ते दिसायला मोठे पण चवीला पाणचट निघते.

जमीन रेताड, पोयट्याची आणि निचऱ्याची हवी. नदीच्या वाळूत आळी करून, त्यांत शेणखत भरून वेल लावण्याची रीत जुनी आहे. वाळूत अन्न नसते; ते शेणखत देते, आणि खालची ओल मुळे शोधून घेतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात, वाळल्यावर भेगा पडून तुटतात. सामू ६ ते ७ चांगला. किंचित आम्ल मातीही वेल सोसतो.

आता पाण्याविषयी. फळ भरेपर्यंत पाणी नियमित हवे. ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. काढणीपूर्वी मात्र पाणी कमी करावे, म्हणजे गोडी उतरते. पण व्यापारी माल घेतो किलोवर! शेवटचे पाणी तोडले तर वजन घटते, आणि गोडीचा वेगळा भाव कोणी देत नाही. आमच्या घरी दरवर्षी यावरून वाद होतो. वडील म्हणतात, "तुझी फी वजनातून निघते, गोडीतून नाही." त्यांच्या हिशेबाला माझ्यापाशी उत्तर नाही. तरी घरी खायचे चार वेल आई बांधाकडे वेगळे ठेवते आणि त्यांचे पाणी आठवडाभर आधी तोडते.