मत खेळाडूंचे, मालकी कंपनीची

हप्ता चुकला की वीज तोडतात, घरावर जप्ती येते, हे आपल्या माणसांना नव्याने सांगायला नको. पण एक हप्ता चुकला म्हणून साडेसात हजार माणसे एकवीस तास लढत राहिली, असे कुणी सांगितले तर? २७ जानेवारी २०१४ रोजी हे घडले आहे. जमिनीवर नव्हे, संगणकाच्या पडद्यावर. 'ईव्ह ऑनलाइन' नावाच्या खेळात एका सूर्यमालेच्या ताब्याचा हप्ता एका आघाडीकडून भरायचा राहून गेला. ताबा सुटला. विरोधक टपूनच बसले होते. मग जगभरातले खेळाडू कामधंदा, झोप सोडून धावले. 'टायटन' म्हणजे त्या खेळातले सर्वांत मोठे जहाज; एक बांधायला अनेकांचे कष्ट आणि महिने लागतात. अशी ७५ जहाजे त्या दिवसात बुडाली. खऱ्या पैशात हिशेब केला तर नुकसान सुमारे तीन लाख डॉलर! पुढे खेळातल्या त्या जागी टायटनचे सांगाडे स्मारक म्हणून कायमचे ठेवण्यात आले.

वाचकहो, या सदरात खेळण्यांचा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही सुरुवातीला तसेच म्हणालो होतो. पण जिथे निवडणूक आहे, प्रतिनिधी आहेत, घोटाळा आहे, फितुरी आहे, मोर्चा आहे आणि इतिहास कुणाचा लिहायचा हा वाददेखील आहे, तो विषय आपला नाही कसा?

आपल्याकडची पोरे मोबाइलवर जे खेळतात ते अर्ध्या तासात संपते. जिंकला तो जिंकला, पुन्हा पाटी कोरी. ईव्हची पाटी कोरी होत नाही. आइसलँडमधील रेक्याविक शहरातल्या 'सीसीपी' या कंपनीने ६ मे २००३ रोजी हा खेळ सुरू केला, आणि तेव्हापासून त्याचे मुख्य जग एकच आहे. हजारो सूर्यमाला, आणि एकाच आकाशाखाली सगळे खेळाडू. मधल्या भागात पोलीस आहेत. कुणी विनाकारण मारले तर मारणाऱ्याचे जहाज पोलीस उडवतात. बाहेरच्या भागात मात्र पोलीस नाही, कायदा नाही. तिथे खेळाडूंनी टोळ्या केल्या, टोळ्यांच्या आघाड्या केल्या, सीमा आखल्या, कर बसवले. कंपनीने राजा नेमला नव्हता, कथाही लिहून दिली नव्हती. खजिनदार, हेर, प्रचारक, परराष्ट्रखाते सांभाळणारा दूत, ही सगळी पदे माणसांनी आपापल्या गरजेतून काढली. असाच एक दूत शॉन स्मिथ. तो प्रत्यक्षातही अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यात नोकरीला होता आणि ११ सप्टेंबर २०१२ रोजी लिबियातील बेंगाझी येथे अमेरिकी वकिलातीवरील हल्ल्यात मारला गेला. त्या रात्री खेळातल्या कित्येक तळांना खेळाडूंनी त्याचे नाव दिले. त्यात शत्रूंचेही तळ होते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या खेळात कौशल्य घाम गाळून वाढत नाही, वेळ गेला की वाढते. तुम्ही खेळा की झोपा, शिकणे लावून ठेवले की घड्याळाच्या काट्यावर कौशल्य चढत जाते. म्हणजे जो २००३ साली आला तो २००६ साली आलेल्याच्या तीन वर्षे पुढे, आणि मागून येणाऱ्याने कितीही धाव घेतली तरी हे अंतर तुटत नाही. (२०१६ पासून कौशल्य विकत घेता येऊ लागले. त्याचा फायदा कुणाला झाला असेल ते वाचक जाणतातच.) अशा जुन्या, मातब्बर खेळाडूंची आघाडी होती 'बँड ऑफ ब्रदर्स'. महागडी जहाजे, कडक शिस्त, आणि नवख्यांविषयी उघड तुच्छता. सारे विश्व जिंकून घेण्याची भाषा ही मंडळी बोलत असत.

त्यांच्यासमोर उभा राहिला 'गूनस्वार्म'. अमेरिकेतल्या एका विनोदी संकेतस्थळावर जमलेली ही टवाळ पोरे. त्यांना वंचित वगैरे म्हणण्याची चूक आम्ही करणार नाही. पोटभर खाऊन-पिऊन दुसऱ्याची टिंगल करणारी ही मंडळी होती. पण त्यांना एक गोष्ट नेमकी कळली. मोठे जहाज चालवायला वर्षे लागतात, छोटे जहाज चालवायला काही दिवस पुरतात. मग कालच आलेल्या पोराला स्वस्तातले जहाज द्यायचे, ते फुटले की संघटनेच्या पैशातून दुसरे द्यायचे, आणि शेकड्यांनी तुटून पडायचे. रशियन खेळाडूंची 'रेड अलायन्स' आणि फ्रेंच भाषकांची 'टाऊ सेटी फेडरेशन' त्यांच्यासोबत आली. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, तरी एकजूट टिकली. २००६ ते २००९ या काळातील या लढाईला खेळाडू 'महायुद्ध' म्हणतात.

लढाई ऐन भरात असताना, फेब्रुवारी २००७ मध्ये, घोटाळा उघडा पडला. कंपनीचा एक कर्मचारी स्वतः बँड ऑफ ब्रदर्समधून खेळत होता. त्याने आपल्या गटाच्या पदरात सहा मौल्यवान आराखडे गुपचूप टाकले होते. बाकीच्यांना हे आराखडे केवळ सोडतीतून, नशिबाने मिळत. म्हणजे ज्याच्या हातात नियम, त्याचाच माणूस एका बाजूच्या तंबूत! खेळाडू खवळले. हरण्याचे दुःख माणूस पचवतो. पंच विकला गेला होता हे कळल्यावर मात्र मागचा प्रत्येक पराभव पुन्हा आठवतो आणि सलतो.

या संतापातून कंपनीला दोन गोष्टी कराव्या लागल्या. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारा विभाग आला, आणि २००८ साली खेळाडूंच्या मतदानातून नऊ जणांचे मंडळ निवडले गेले. त्याचे नाव 'कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट'. बोलताना सगळे 'सीएसएम' म्हणतात. निवडून आलेल्यांना कंपनी आपल्या खर्चाने रेक्याविकला नेते, टेबलाशी बसवते, त्यांचे ऐकून घेते. पहिल्या निवडणुकीत दहा मतदारांमागे जेमतेम एकाने मत दिले. तरीही आम्ही या घटनेला क्षुल्लक म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणून आलेली माणसे मतदार म्हणून मोजली गेली, हे काही कंपनीच्या मेहेरबानीने झालेले नाही. चोरी पकडली गेली म्हणून झाले.

पण या मंडळाला अधिकार काय? सल्ला देण्याचा. नियम बदलण्याचा नाही, तिजोरी पाहण्याचा नाही, एखादा निर्णय रोखण्याचा तर नाहीच. सभासदांनी आधी गोपनीयतेच्या करारावर सही करायची. म्हणजे आत जे ऐकले ते ज्यांनी मत दिले त्यांनाच सांगायचे नाही. बैठकीचे इतिवृत्त बाहेर येते ते कंपनीच्या नजरेखालून. शिवाय निवडणुकीत मोठ्या आघाड्या आपल्या माणसांची यादी काढतात, शिस्तीत मते टाकून घेतात. जो एकटा-दुकटा खेळतो, खाणीत दगड फोडतो, माल वाहतो, त्याची संख्या मोठी असूनही त्याचा माणूस क्वचित निवडून येतो. संख्या असणे आणि संघटित असणे यातला फरक आम्ही वाचकांना काय सांगावा!

२०१२ सालचे उदाहरण घ्या. गूनस्वार्मचा नेता सर्वाधिक मते घेऊन निवडून आला. रेक्याविकच्या वार्षिक मेळाव्यात, दारूच्या भरात, आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या एका खेळाडूची त्याने व्यासपीठावरून टिंगल केली आणि त्याला छळायलाही सुचवले. कंपनीने त्याला तीस दिवस खेळाबाहेर काढले, मंडळातली जागाही गेली. जायलाच हवी होती. पण काढले कुणी? मतदारांनी नाही. २०१९ साली तर एका निवडून आलेल्या प्रतिनिधीवर गुपिते फोडल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याला जाहीरपणे हाकलले, आणि काही आठवड्यांतच पुरावा नसल्याचे कबूल करून माफी मागितली. तक्रारदार कंपनी, तपास अधिकारी कंपनी, न्यायाधीशही कंपनी. माफी मागितली हे चांगलेच केले. पण ती मागायची की नाही हेही तिनेच ठरवले.

खरी ताकद दिसली ती मंडळाबाहेर, २०११ च्या उन्हाळ्यात. कंपनीने खेळात एक दुकान उघडले. पात्राला घालायचे कपडे, चष्मे वगैरे. त्यात एका डोळ्याला लावायची भिंगाची काच होती, आणि तिची किंमत खऱ्या पैशात साठ डॉलरच्या पुढे! खेळाचे महिन्याचे भाडे पंधरा डॉलरच्या आत होते, हे लक्षात घ्या. त्याच सुमारास कंपनीचे अंतर्गत पत्रक फुटले, ज्यात हाव चांगली की काय, असा विषय चर्चेला घेतला होता. पाठोपाठ प्रमुखाचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्रही फुटले. खेळाडू बोलतात काय यापेक्षा ते करतात काय याकडे बघा, असा त्याचा आशय.

खेळाडूंनी करून दाखवले. 'जीटा' ही त्या जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे हजारो जण जहाजे घेऊन जमले आणि मधोमध उभ्या असलेल्या स्मारकावर गोळ्या झाडू लागले. स्मारक फुटणारे नव्हतेच. गोळ्या वाया जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. पण बाजार ठप्प झाला, संगणक गुदमरले, आणि इकडे लोकांनी वर्गणी बंद करायला सुरुवात केली. कंपनीने मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. तीन वर्षे सल्ला देणाऱ्या त्या मंडळाचे शब्द तेव्हा प्रथम वजनाने ऐकले गेले, कारण त्यांच्या पाठीशी थांबलेली वर्गणी होती. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीचे प्रमुख हिल्मर पेटर्सन यांनी खेळाडूंची जाहीर माफी मागितली आणि जहाजांकडे, मूळ खेळाकडे परत वळण्याचे कबूल केले. त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. काच विकायचे कुणी ठरवले आणि नोकरी कुणाची गेली, याचा हिशेब त्या विजयाच्या गोष्टी सांगताना सहसा कुणी मांडत नाही. आम्ही मांडून ठेवतो.

महायुद्धाचा शेवट सांगायचा राहिला. तो रणात झालाच नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्सचा एक नाराज पदाधिकारी गूनस्वार्मला जाऊन मिळाला. त्याच्याकडे संघटनेच्या चाव्या होत्या. एका रात्रीत सभासद गट बाहेर काढले गेले आणि आघाडीच बरखास्त झाली; नाव गूनस्वार्मने आपल्याकडे नोंदवून घेतले. नाव गेले तसा वर्षानुवर्षांचा ताबा गेला, तळांचे संरक्षण गेले. आणि वर्षभरातच, २०१० च्या सुरुवातीला, विजेत्या गूनस्वार्मच्या प्रमुखाने जिंकलेल्या प्रदेशाचे हप्ते भरले नाहीत, प्रदेश गमावला, सहकाऱ्यांना बाहेर काढले आणि मालमत्ता घेऊन तो चालता झाला! संघटना फुटण्याचा अनुभव ज्यांच्या गाठी आहे ते हे वाचून हसतील, पण फार मोठ्याने नाही. दोन्हीकडे दोष तोच होता. चाव्या एका हातात आणि हात धरणारा कुणी नाही. विशेष म्हणजे ज्यांना कंपनीकडे प्रतिनिधित्व हवे होते, त्यांच्या स्वतःच्या संघटनांत प्रमुखाला मत देऊन बदलण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती.

या साऱ्याचा इतिहास अँड्र्यू ग्रोएन या अमेरिकी पत्रकाराने 'एम्पायर्स ऑफ ईव्ह' या पुस्तकात लिहिला. २०१४ साली वाचकांनीच त्यासाठी पैसे जमवले, २०१६ साली पुस्तक आले. परिश्रम मोठे आहेत. शत्रू-मित्र दोघांनाही त्याने बोलते केले. पण पुस्तक चालते ते सेनापती, दूत आणि हेर यांच्या पावलांनी. ज्यांनी दगड फोडून त्या टायटनसाठी धातू काढला, स्वस्तातल्या जहाजात बसून जे पहिल्या मिनिटाला फुटले, ते तिथे संख्येने येतात. त्यात ग्रोएनचा दोष थोडा. ज्याच्याकडे कागद आणि आठवणी जपायला सवड, त्याचीच बाजू इतिहासकाराच्या हाती लागते.

एक जागा मात्र वेगळी आहे. २०१४ सालीच रेक्याविकच्या बंदरावर कंपनीने खेळाडूंचे स्मारक उभारले. त्या वर्षी १ मार्चला खेळात असलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत. लाखो नावे, अगदी बारीक अक्षरात. त्यात ती हप्ता भरायला विसरलेली माणसेही असतील, आणि ज्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही ती खाणकाम करणारीही. आपले नाव सापडावे म्हणून लोक थंडीवाऱ्यात तिथे वाकून बोट फिरवत बसतात.