दोन जीबीचा संसार

मोताळ्याच्या घरी तो लॅपटॉप कपाटावर जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली सापडला. २०१० च्या आसपासचा. बॅटरी मेलेली, एका बिजागरीला चिकटपट्टी, आत दोन जीबी रॅम. भाचा भरतीचे फॉर्म भरण्यासाठी रोज कुठल्या तरी केंद्रावर रांगेत उभा राहायचा. तो म्हणाला, "मामा, यात ते हलकंवालं लिनक्स टाकून द्या ना."

हलकं म्हणजे किती हलकं, आणि हलकं नेमकं काय, या प्रश्नात मग माझे दोन आठवडे गेले.

लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो सगळ्या वितरणांत, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांत, जवळपास सारखाच असतो. फरक पडतो वरच्या सजावटीचा, म्हणजे खिडक्या, मेन्यू आणि पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांचा. ग्नोमसारखा डेस्कटॉप स्वतःच पाऊण-एक जीबी खातो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी त्याच्या निम्म्याच्या आसपास भागवतात. अँटीएक्स नुसत्या विंडो मॅनेजरवर चालतं, म्हणून आणखी कमी. इथपर्यंत सगळे सांगतात. पण ब्राउझर उघडून चार टॅब लावले की ही सगळी काटकसर एका घासात संपते. डेस्कटॉप बदलून वाचलेले तीन-चारशे एमबी एकटी सरकारी वेबसाइट गिळते. जुन्या लॅपटॉपवरचं खरं ओझं ब्राउझरचं, आणि तो कुठल्याही वितरणात तेवढाच जड.

हे पटायला खैरातची गोष्ट उपयोगी पडते. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक योजनेचा भारतातला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती दिलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ यंत्रात २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण आणि ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर शुगर नावाचा मुलांसाठीचा डेस्कटॉप. आज २५६ एमबी म्हटलं की हसू येतं. पण चित्र काढणं, लिहिणं, फोटो काढणं एवढ्याला ते पुरत होतं. तेव्हाचं वेब आजच्या मानानं सडपातळ होतं. यंत्रं मागे पडली त्याचं निम्मं कारण वेब फुगलं हे आहे.

म्हणून वितरणाचं नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ चा. टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' टाकलं की उत्तर मिळतं. २००८ च्या छोट्या नेटबुकांतला इंटेल अ‍ॅटम एन-२७० हा निव्वळ ३२ बिटचा, आणि त्या घराण्याचे दिवस भरत आलेत. गुगल क्रोमनं लिनक्सवर ३२ बिटची साथ २०१६ सालीच सोडली. लुबुंटूनं १८.१० नंतर ३२ बिटची आवृत्ती काढली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटसाठी इन्स्टॉलरच नाही. डेबियन १२ आहे, त्याला जून २०२८ पर्यंत दीर्घकालीन आधार मिळेल. फायरफॉक्सनंही १४४ नंतर ३२ बिट लिनक्सला रामराम केला. तेव्हा असं यंत्र असेल तर डेबियन १२ किंवा अँटीएक्स, आणि त्यावर लिहिणं, गाणी, पीडीएफ. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीची डिस्क काढून सॅटा एसएसडी बसवली, तर जो वेग येतो तो कुठलंही वितरण बदलून येत नाही. मागचे चार स्क्रू आणि एक छोटं झाकण, एवढंच काम असतं. चर्चा मात्र सगळी एलएक्सक्यूटी की एक्सएफसीई यावर चालते. मीही आठवडाभर तीच केली.

आमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिटचा निघाला. रॅम वाढवायची होती, पण त्या जुन्या जातीची जुळणारी पट्टी मिळेना. मग वितरणं पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहिली.

पपी लिनक्स भाच्याला सगळ्यात आवडलं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे वितरण सगळं रॅममध्ये चढवून चालतं, त्यामुळे खिडक्या टिचकीसरशी उघडतात. पण पेन ड्राइव्हवरून चालताना केलेलं काम ते ठरावीक वेळानं किंवा बंद करताना साठवतं. बॅटरी नसलेला लॅपटॉप, आणि लाइन कधी जाईल याचा नेम नाही! तिसऱ्या दिवशी भाच्याचा अर्धा अर्ज अंधारात गेला. पपी बाद.

लुबुंटू देखणं आहे, पण उबुंटूकडून आलेला त्याचा फायरफॉक्स 'स्नॅप' या बंद डब्यातून येतो आणि जुन्या डिस्कवर पहिल्यांदा उघडताना माणूस चहा करून येऊ शकतो. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ही भानगड टाळते. चार जीबी असते तर मी दुसरीकडे पाहिलंच नसतं. मिंट स्वतः किमान दोन जीबी मागतं आणि चार सुचवतं. सी-डॅकचं बॉस हे २००७ पासूनचं भारतीय वितरण भारतीय भाषांच्या सोयीसाठी चांगलं, पण म्हाताऱ्या यंत्रांकडे पाहून ते बनवलेलं नाही.

शेवटी ६४ बिटचं डेबियन आणि एक्सएफसीई ठरलं. डेबियन १२ पासून वायफायसाठी लागणारं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, ही मोठी सोय. त्यातूनही वायफाय अडलं तर मोबाइल केबलनं जोडायचा, इंटरनेट सुरू होतं. वर झेडरॅम बसवलं. ते रॅममधल्या मजकुराची घडी घालून दोन जीबीत थोडी जास्तीची जागा काढतं. डिस्क बदलली.

मराठीचा मुद्दा यादीत खाली असतो, माझ्या लेखी तो वर हवा. फॉन्ट धड नसेल तर जोडाक्षरं फुटतात. 'वाऱ्यावर' आणि 'तऱ्हा' हे दोन शब्द लिहून पाहावेत; अर्धा ऱ चंद्रकोरीसारखा उमटला नाही तर फॉन्ट बदलावा. लोहित किंवा नोटो पुरतात. टंकनासाठी बहुतेक जण आयबस लावतात, तो पार्श्वभूमीला बसून रॅम खातो. पण डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्येच मराठी इनस्क्रिप्ट असतो, वेगळी सेवा लागत नाही. अडचण एकच: केंद्रांवर आणि डीटीपीच्या दुकानांत अजून श्रीलिपी आणि कृतिदेवच्या फाइली फिरतात, आणि तिथल्या बोटांना रेमिंग्टनची सवय आहे. अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीची किल्ली वापरणाऱ्यानं आधी त्यांचे ड्रायव्हर लिनक्सवर आहेत का ते विचारावं. नसतील तर विंडोज सोडू नये, हेही सांगतो.

अर्थात विंडोजवर राहणंही आता सोपं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ चार जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं. कपाटांवरचे गठ्ठे वाढणार.

शिकायचं कुठून, हा भाच्याचा पुढचा प्रश्न होता. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत, ते त्याला लावून दिले. आता एका वेळी दोनच टॅब उघडायचे, असा त्याचा स्वतःचा नियम आहे. परवा सातबारा पाहायला वडिलांना बोलावलं, तेव्हा आधी क्रिकेटचा टॅब बंद केला. बिजागरीची चिकटपट्टी तशीच आहे.