समुद्रावरून बाटलीत आणलेला खेकडा घरी का जगत नाही?

दिवेआगर, गुहागर किंवा तारकर्लीचा किनारा. संध्याकाळची वेळ, ओहोटी लागलेली. पोरं वाळूत पळणाऱ्या खेकड्यांच्या मागे लागतात. एखादा हाती लागतो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जातो. सोबत मूठभर वाळू, थोडं समुद्राचं पाणी, झाकणाला दोन भोकं. 'घरी फिश टँकमध्ये सोडू,' असं ठरतं.

माझ्या लहानपणी अशीच एक बाटली आमच्या गाडीत होती. आत चार खेकडे. घाट चढून पुण्याला पोहोचेपर्यंत दोन मेले, उरलेले दोन दुसऱ्या दिवशी गेले. 'समुद्राचे जीव समुद्रातच जगतात,' एवढंच घरच्यांनी सांगितलं. ते बरोबर होतं. पण असं का होतं, हे कुणी सांगितलं नाही. तेच आज समजून घेऊ.

वाळूतला खेकडा म्हणजे नेमका कोणता?

आपण सरसकट ज्यांना वाळूतले खेकडे म्हणतो, त्यात निदान तीन वेगळे प्राणी येतात.

पहिला, वाळूच्या बारीक गोळ्या करणारा. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर जी रांगोळी दिसते, ती याचीच. तो वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो.

दुसरा, फिकट रंगाचा आणि वाऱ्यासारखा पळणारा घोस्ट क्रॅब. हा बहुतेक वेळ पाण्याबाहेर राहतो. मात्र श्वास घेण्यासाठी त्याचे कल्ले ओले राहावे लागतात. म्हणून पायांच्या बुडाशी असलेल्या केसांच्या मदतीने तो ओल्या वाळूतलं पाणी शोषून घेतो.

तिसरा मोल क्रॅब, शास्त्रीय नाव एमेरिटा. आकार अंड्यासारखा, नांग्या नाहीत. नात्याने तो खऱ्या खेकड्यांपेक्षा शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबच्या जवळचा. लाटा फुटतात त्याच पट्ट्यात तो राहतो आणि उलटा सरकत काही क्षणांत वाळूत गडप होतो. लाट परत जाताना तो पिसांसारख्या अँटेना बाहेर काढतो आणि पाण्यातले अन्नकण गाळून खातो.

मग टँकमध्ये काय बिघडतं?

समजा, या तिघांना आपण काठोकाठ भरलेल्या टँकमध्ये सोडलं. घोस्ट क्रॅबला बाहेर यायला कोरडी जागा मिळाली नाही, तर तो चक्क बुडून मरतो. मोल क्रॅबला लाट मिळत नाही, म्हणजे अन्नच मिळत नाही. वरून टाकलेलं माशांचं खाद्य त्याच्या काही कामाचं नसतं. आणि गोळ्या करणाऱ्याला रोज नव्या शेवाळाची वाळू लागते. टँकमधल्या मूठभर वाळूतलं अन्न लवकरच संपतं.

दुसरी अडचण पाण्याची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 20 लिटरच्या टँकला जवळपास 700 ग्रॅम! पण हे क्षार म्हणजे फक्त स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. म्हणून त्यासाठी खास मरीन सॉल्ट लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढावं लागतं. शिवाय पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. त्यामुळे कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढायचं असतं. तिथे पुन्हा खारं पाणी ओतलं, तर खारटपणा वाढतच जातो.

तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे अमोनिया. खेकड्याची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून तो तयार होतो. समुद्रात तो विरून जातो, बाटलीत साठत जातो. त्यात गाडीतल्या उकाड्याने पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजनही कमी होतो. आमच्या बाटलीत बहुधा हेच झालं असावं.

टँकमध्ये अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. पण ते वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टँक त्याआधीच तयार हवा. म्हणजे रविवारी खेकडा आणला आणि सोमवारी टँक घेतला, असं चालत नाही.

आणि एक गोष्ट. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. ते रिकामं कवच हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखं दिसतं. त्या काळात तो मऊ आणि असहाय असतो, लपायला खोल वाळू नसेल तर सोबतचे प्राणी त्याला खाऊ शकतात. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, तेही खेकड्यांसाठी विषारी.

कायदा काय सांगतो?

प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षण आहे. म्हणजे टँकच्या सजावटीसाठी ते किनाऱ्यावरून उचलून आणणं महागात पडू शकतं. ओळख पटत नसेल, तर कुठलाही जीव उचलू नका.

मग करायचं काय?

खेकडा हातात घ्या, बघा, पण तिथेच सोडा. मोल क्रॅब असेल तर लाट येते त्याच ओल्या पट्ट्यात सोडा. पोटाखाली नारिंगी अंडी दिसली, तर ती मादी आहे, तिला लगेच सोडा. घरच्या टँकमध्ये राहिलेला प्राणी मात्र पुन्हा समुद्रात सोडू नका, टँकमधले रोग किनाऱ्यावर जाऊ शकतात.

कॅलिफोर्नियात 'लिंपेट्स' नावाच्या उपक्रमात शाळकरी मुलं मोल क्रॅब पकडतात, मोजतात, नोंद करतात आणि परत सोडतात. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट 2017 पासून लोकांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायला नेतो. रिकाम्या हाताने परत यायचं, पण बरंच काही बघून.

पुढच्या ट्रिपला ती रिकामी बाटली बॅगेतच राहू द्या. व्हिडिओ काढायला मोबाइल आहेच की!