मत माहेरी, संसार सासरी

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. लातूरच्या आमच्या गल्लीत सकाळपासून कुकरच्या शिट्ट्यांची घाई चालली होती. भाजी-पोळी उरकून, पदराला हात पुसत बायका एकमेकींना हाका मारत होत्या, ‘‘चला हो, ऊन व्हायच्या आत जाऊन येऊ.’’ तेवढ्यात शेजारची नवी सून हातात पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडे निघालेली दिसली. लग्नाला दोन वर्षं झालेली, माहेर नांदेडचं.

‘‘आज कुठं गं?’’

‘‘मत द्यायला जायलेय, काकू. नाव तिकडंच आहे ना माझं!’’

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘एका मतासाठी तीन-तीन तास धक्के खात कुणी जातं का? दिवाळीला तर राहून आलीस!’’ पण ती गेली, आणि रात्री बोटावरची शाई दाखवत परतलीही.

तीन दिवसांनी, २३ तारखेला निकाल लागला. वसंतराव चव्हाणांच्या निधनामुळे नांदेडच्या लोकसभेची पोटनिवडणूक त्याच दिवशी झाली होती. म्हणजे नांदेडच्या बायकांनी एका खेपेत दोन मतं दिली होती. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण निवडून आले, ते अवघ्या १,४५७ मतांनी! आणि गंमत म्हणजे त्याच लोकसभा क्षेत्रातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या. तेच मतदार, तोच दिवस, तीच रांग, आणि निकाल दोन. बायका नवरा सांगेल तिथं बटण दाबतात, असं ठासून सांगणाऱ्यांनी हा निकाल एकदा नीट बघावा. कुणीतरी घराघरांत दोन यंत्रांपुढे दोन वेगळे विचार केलेच असणार की!

सासूबाई मात्र त्यानंतर धक्क्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

आता कायद्यानं पाहिलं, तर त्या मुलीचं नाव लातूरलाच असायला हवं होतं. माणूस जिथं नेहमी राहतो तिथलाच तो मतदार. आणि लातूर शहरातही त्या दिवशी काही कमी रंगत नव्हती. अमित देशमुख आणि चाकूरकरांच्या सूनबाई अर्चना पाटील यांची लढत सात हजारांच्या आसपास मतांनी सुटली. पण आपल्याकडे लग्न झालं, की मुलीचं नाव रेशनकार्डावर लगेच चढतं. सिलिंडरचं, बँकेचं, मुलांच्या शाळेचं सगळं बघितलं जातं. मतदार यादी तेवढी राहते. नवऱ्याला वाटतं ती करील, तिला वाटतं ते करतील. मग पाच वर्षांनी केंद्रावर जाऊन कळतं की इकडे नाव नाहीच, आणि तिकडे माहेरी भावजय आपल्या नावाची स्लिप हातात घेऊन विचारतेय, ‘‘वन्सं येणार आहेत का?’’

नावाचा हा घोळ आजचा नाही. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. याद्या करणारे दारात आले, तेव्हा हजारो घरांतल्या बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून सांगितलं, आणि जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशाकडच्या. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजवटीतून सुटून चार वर्षंही झाली नव्हती, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी हैदराबादच्या विधानसभेसाठी मतं दिली. १९५७ ला मुंबई राज्यासाठी, आणि १९६२ ला पहिल्यांदा महाराष्ट्रासाठी. दहा वर्षांत तीन वेगवेगळ्या राज्यांची विधानसभा, बायका मात्र त्याच चुलीपुढच्या!

तिकडे अमेरिकेत राज्याचा प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, लोक थेट मत देऊन निवडतात. आपण निवडतो तो आमदार, आणि २८८ आमदारांतलं बहुमत ज्याच्या पाठीशी तो मुख्यमंत्री. म्हणून आपल्या मतदारसंघाचं मत कधी कधी फार लांबवर पोचतं. नांदेडनं शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण दिले. लातूर जिल्ह्यानं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्याच विलासरावांना १९९५ साली लातूरकरांनी घरी बसवलं होतं आणि १९९९ ला परत निवडून दिलं, तेव्हा ते मुख्यमंत्री झाले. लातूरचा मतदार असा आहे. रागावतो, आणि मग जेवायलाही बोलावतो.

निलंग्याची गोष्ट तर घराघरांत चघळली गेली. २००४ साली निलंगेकरांच्या सूनबाई रूपाताई भाजपतर्फे लातूर लोकसभेला उभ्या राहिल्या आणि शिवराज पाटील चाकूरकरांना हरवून खासदार झाल्या. सासरे काँग्रेसचे, माजी मुख्यमंत्री! त्याच वर्षी विधानसभेला नातू संभाजीराव आजोबांविरुद्ध उभे राहिले आणि जिंकले; पुढं २००९ ला आजोबा जिंकले. आपल्या घरात टीव्हीच्या रिमोटवरून दोन दिवस अबोला चालतो, तिथं त्या घरातल्या पंगतीला काय बोलणं होत असेल, असं बायका तेव्हा एकमेकींना विचारत.

कुणीच पसंत नसेल, तर? त्याचंही उत्तर लातूरकरांनी दिलंय. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख मोठ्या फरकानं निवडून आले, पण दुसऱ्या क्रमांकावर कुणी उमेदवार नव्हता. होतं ‘नोटा’चं बटण, सत्तावीस हजारांवर मतं घेऊन! ते बटण २०१३ पासून आहे. त्यानं निकाल बदलत नाही, पण नाराजीची नोंद होते.

२०२४ च्या प्रचारात आपल्या नावाचा जप फार झाला. ऑगस्टपासून ‘लाडकी बहीण’चे महिना दीड हजार खात्यात यायला लागले होते, सगळ्या पक्षांना बहिणी आठवल्या. पैसे आले, कुणाच्या औषधाला लागले, कुणाच्या लेकीच्या क्लासला. त्यात वाईट काही नाही. पण त्या २८८ मध्ये बायका निवडून आल्या वीस-बावीसच. ओवाळायला सगळ्या, पाटावर बसायला मोजक्या! एक तृतीयांश जागांचा कायदा संसदेनं २०२३ मध्ये केला. तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायचा, अशी अट त्यातच घातलेली आहे.

तर नावाचं काय करायचं? लग्न होऊन गाव बदललं असेल तर नवा मतदार म्हणून फॉर्म ६ भरू नका. दोन याद्यांत नाव ठेवणं कायद्याला मान्य नाही. आपल्याला हवा फॉर्म ८. पत्ता बदलायला तोच, नावाची दुरुस्ती करायलाही तोच. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं, असं असेल तर आधार, पासबुक आणि मतदार कार्ड यांवर एकच ठरवा. पत्त्यासाठी लाइटबिल तुमच्या नावावर नसलं तरी अडत नाही. नवऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्याच्या नावाचा कागद चालतो. अर्ज तुमच्या भागाच्या बीएलओकडे द्या. बहुतेक ठिकाणी ती अंगणवाडीताई किंवा शाळेतल्या बाईच असते. मोबाइलवरूनही भरता येतो. अडलं तर १९५० ला फोन लावा. मात्र निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरती यादी बंद.

आणि केंद्रावर गेल्यावर ‘‘तुमचं मत तर झालंय’’ असं कुणी म्हणालं, तर डोळ्यांत पाणी आणून परत फिरू नका. ओळखपत्र दाखवून केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेआधी तुम्ही रांगेत उभ्या असाल, तर कितीही उशीर झाला तरी मत घ्यावंच लागतं.

शेजारच्या सुनेनं फेब्रुवारीत फॉर्म ८ भरला. सोबत सासूबाईही गेल्या होत्या. त्यांच्या कार्डावर नाव बरोबर होतं, फोटो मात्र जावेचा होता. इतकी वर्षं कुणी बघितलाच नव्हता.