घरच्या संगणकावरील दप्तर : मांडणी व बंदोबस्त

हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर उतरविण्याचा प्रघात संग्राहकांत आतां रूढ झाला आहे. परंतु यादी करणें निराळें व ती राखणें निराळें. म्हणून स्वतःच्या संगणकावर डेटाबेस सर्व्हर कसा मांडावा, याचा थोडक्यांत विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्व्हर म्हणजे दुसरें यंत्रच असावें असें नाहीं. आपल्याच संगणकावर सदैव जागा राहणारा तो दप्तरदार होय. त्याच्या ताब्यांतील नोंदींच्या समूहास आम्ही दप्तर म्हणूं. विवेचनासाठीं १९९५ सालीं निघालेला मायएस्क्यूएल घेऊं. २००९ सालीं त्यापासून फुटलेली मारियाडीबी ही शाखाही बहुतांशीं याच रीतीनें चालते.

प्रथम लिपीचा प्रश्न. मायएस्क्यूएलमधील ‘युटीएफ८’ ही जुनी अक्षरयोजना एका चिन्हास तीन बाइटांहून अधिक जागा देत नाहीं. देवनागरी तेवढ्यांत मावते. परंतु मोडीस युनिकोडांत २०१४ सालीं जें स्थान मिळालें, तेथील प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतात. परिणामीं मोडी मजकूर एक तर नाकारला जातो, किंवा तपासणी सैल असल्यास पहिल्या मोडी चिन्हापासून पुढील भाग गळून पडतो. यास्तव दप्तर, त्याशीं होणारी जोडणी व नक्कल या तिन्ही ठिकाणीं ‘युटीएफ८एमबी४’ हीच योजना ठेवावी. तसेंच शक, मास व तिथि हीं मुळांत असतील तशींच मजकूर म्हणून नोंदवावीं. इसवी तारखेचा रकाना वेगळा असावा. म्हणजे कागदाचा पुरावा व आपलें गणित यांची गल्लत होणार नाहीं.

आतां बंदोबस्त. ‘रूट’ हा येथील सर्वाधिकारी. कांहीं तयार संचांत त्यास पासवर्डच नसतो. तो प्रथम द्यावा. अनामिक खातीं व ‘टेस्ट’ हें नमुन्याचें दप्तर काढून टाकावें. ‘मायएस्क्यूएल-सिक्युअर-इन्स्टॉलेशन’ ही आज्ञा हीं कामें क्रमानें विचारून करविते. नंतर सेटिंगांच्या फाइलींत ‘बाइंड-अ‍ॅड्रेस’ १२७.०.०.१ असा लिहून सर्व्हर पुन्हा सुरू करावा. म्हणजे ३३०६ क्रमांकाच्या पोर्टांतून केवळ त्याच संगणकावरून प्रवेश मिळेल. नित्याच्या कामास रूट वापरूं नये. लेखनिकास वाचणें, भरणें व सुधारणें एवढेच अधिकार द्यावे; अभ्यासकास केवळ वाचण्याचा. मात्र संगणकच चोरीस गेल्यास हे पहारे निरुपयोगी होतात. त्यासाठीं डिस्क सांकेतिक करून ठेवावी.

शेवटीं नक्कल. ‘मायएस्क्यूएलडम्प’ या साधनानें ती नियमानें काढून दुसऱ्या वास्तूंत ठेवावी. पुण्यानें १२ जुलै १९६१ चा पूर पाहिलेला आहे. नक्कल निराळ्या नांवाच्या दप्तरांत उतरवून मूळ नोंदींशीं ताडावी.

ज्यांच्या याद्या पूर्वींच सिद्ध आहेत, त्यांनीं एक मोडी ओळ भरून ती परत वाचून पाहावी. अक्षरयोजना मागाहून बदलतां येते. परंतु गळालेला मजकूर मूळ कागद पुन्हा वाचल्यावांचून परत मिळत नाहीं, आणि तो कागद दरवर्षीं अधिकच जीर्ण होत असतो.