कासव महोत्सवात कासव दिसलं नाही तर

‘महोत्सव आहे म्हणजे कासवं दिसणारच ना?’ रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जायचं ठरवणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात. दिसतीलच असं नाही, हे त्याचं खरं उत्तर. मोठं कासव दिसण्याची शक्यता तर फारच कमी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, तासाभरात अंडी घालून समुद्रात परत जाते आणि पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही. त्यामुळे ‘आई पिल्लांना न्यायला येते’ ही समजूतही सोडून द्यायला हवी. महोत्सवात दिसतात ती पिल्लं, चारेक सेंटिमीटर लांबीची, काळपट राखाडी रंगाची. तीही वाळूतून ज्या दिवशी वर येतील त्या दिवशीच.

हा दिवस कुणाला ठरवता येत नाही. घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि ती उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गरम असेल तर लवकर, गार असेल तर उशिरा. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घालून केलेल्या हॅचरीत प्रत्येक घरट्याची नोंद असते: अंडी कोणत्या तारखेला मिळाली, किती मिळाली. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली झाकतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. कधी टोपलीखाली वाळू नुसती मधोमध खचलेली असते. म्हणजे खाली अंडी फुटली आहेत, पिल्लं एकमेकांच्या हालचालीच्या जोरावर वर सरकत आहेत. अजून एक-दोन दिवस लागतील. कधी साठ-सत्तर पिल्लं एकावर एक वळवळत असतात आणि कधी काहीच नसतं. दोन दिवसांच्या सुट्टीत टोपल्या रिकाम्या निघाल्या म्हणून ‘आम्हाला फसवलं’ असं म्हणणारे पाहुणे असतात. गावाने त्यांना फसवलेलं नसतं. जाण्याआधी गावात फोन करून कोणत्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत एवढं विचारलं, तर निराशा पुष्कळ टळते.

दुसरा गैरसमज असा, की हे सगळं पर्यटनासाठी उभं केलेलं आहे. घडलं ते उलट्या क्रमाने. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची मंडळी समुद्रगरुडांची पाहणी करत किनाऱ्याने हिंडत असताना त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. अंडी खणून नेली जात होती, खाल्लीही जात होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलून घरटी राखायला सुरुवात केली. महोत्सव आला २००६ मध्ये, म्हणजे राखणीचं काम सुरू झाल्यावर काही वर्षांनी. घरटी राखायची तर गावाला त्यातून काही मिळायला हवं, हा त्यामागचा सरळ विचार. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तिथेच जेवतात, आणि तो पैसा गावात राहतो. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्ष या कामात आले आणि इतर गावांतही ते पसरलं. या सगळ्याचा कणा आहेत ते कासवमित्र. थंडीच्या रात्री आणि पहाटे पुळणीवरून चालत मादीचा माग शोधायचा, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटं गाठायचं, हे काम पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं. मला विचाराल तर खरा महोत्सव तोच.

अंडी उचलून हॅचरीत ठेवली की ती आपोआप वाचतात, असंही लोकांना वाटतं. तसं नाही. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटायला लागतो. मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून अंडी लवकरात लवकर आणि न फिरवता हलवावी लागतात. नवा खड्डाही मादीने खणला होता तसाच, सुरईच्या आकाराचा, दीडेक फूट खोल करावा लागतो. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं: गरम वाळूत माद्या जास्त, गार वाळूत नर जास्त. म्हणजे हॅचरीची जागा चुकली, तर सगळी पिल्लं सुखरूप निघूनही पुढच्या पिढीचं गणित बिघडू शकतं. घरटं जिथल्या तिथे सुरक्षित राहत असेल तर ते तिथेच राहू देणं सगळ्यात चांगलं. हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे.

पिल्लं सोडताना दोरीपलीकडून हमखास ऐकू येतं, ‘अहो, उचलून सोडा ना पाण्यात, किती धडपडताहेत बिचारी!’ ही कळकळ खरी असते, पण तिचा उपयोग नाही. पिल्लांना मुद्दाम पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. त्या चालण्यात त्यांना समुद्राची दिशा मिळते. मोठी झालेली मादी अंडी घालायला आपल्या जन्माच्या किनाऱ्याच्या परिसरात परतते, आणि त्यासाठी तिला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मदत होते, असं संशोधक सांगतात. पिल्लाला हात लावणं, तळहातावर घेऊन फोटो काढणं हा तर गुन्हाच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचं नाव आहे. मोबाइलचा फ्लॅश आणि किनाऱ्यावरचे दिवे हेही तितकेच वाईट. पिल्लू उजेडाकडे ओढलं जातं. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. रिसॉर्टचे दिवे लागले की ते उलट दिशेने, जमिनीकडे चालू लागतं. महोत्सवामुळे कासवांना त्रास होतो, हा आक्षेप म्हणूनच पूर्ण खोटा नाही. त्रास होतो की नाही, हे दिवे आणि गर्दी किती आवरली जाते यावर ठरतं.

‘ओडिशात लाखो कासवं येतात, आपल्याकडच्या मूठभर घरट्यांचं काय एवढं?’ असंही विचारतात. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे माद्या हजारोंनी एकदम किनाऱ्यावर येतात, तर कोकणात त्या एकेकट्या येतात, हे खरं. पण दोन्हीकडची कासवं पूर्णपणे वेगळी, हे गृहीत मात्र डळमळीत झालं आहे. कोकणातली कासवं समुद्रात कुठे जातात हे पाहायला जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावला गेला. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला सापडला, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. मधलं अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तेव्हा कोकणातलं एक घरटं वाचवणं ही फक्त कोकणची गोष्ट नाही.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र या महोत्सवांत फारसा निघतच नाही: ‘समुद्रातलं कासव पाण्यात कसं बुडेल?’ बुडतं. कासवाला फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून तासन् तास पाण्याखाली ओढलं गेलं की ते गुदमरून मरतं. यावर उपाय आहे. जाळ्यात लोखंडी गजांची चौकट बसवतात: कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून बाहेर पडतं. ‘टेड’ म्हणतात तिला. ही चौकट न वापरता पकडलेली आपली कोळंबी घ्यायला अमेरिकेने नकार दिला आहे. मच्छीमारांनाच खलनायक ठरवून मात्र भागत नाही. जाळं म्हणजे त्यांचं भांडवल. अडकलेलं कासव सोडवायला जाळं कापलं, तर महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुराव्याला फोटो किंवा व्हिडिओ लागतो. शहरातून आलेल्या पाहुण्याला ही योजना माहीत असून फारसा उपयोग नाही; ती खलाशाला माहीत हवी, तांडेलाला हवी. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही कासव महोत्सव होतो आणि हर्णै बंदर तिथून जवळच आहे. महोत्सवाचा एक दिवस तिथे, मासळीच्या लिलावाच्या वेळी घ्यावा, ‘टेड’ बसवलेलं जाळं पसरून दाखवावं आणि भरपाईचे अर्ज तिथल्या तिथे भरून घ्यावेत.