सात बाइटांचा नकार

ॲपमधल्या लिंकवर बोट टेकवलं आणि पान तिथंच उघडलं. वर पत्त्याची पट्टी नाही, कुलपाचं चिन्ह नाही. तरी आत एक अख्खा ब्राउझर राबतोय! अँड्रॉइडवर त्याला वेबव्ह्यू म्हणतात.

पानाचं पहिलं अक्षर येण्याआधीच तो सर्व्हरला सांगतो: मला टीएलएसच्या अमुक आवृत्त्या येतात, अमुक सायफर (मजकूर लपवण्याच्या रीती) येतात, यातलं तुला काय चालेल? टीएलएस म्हणजे दोघांमधलं बोलणं तिसऱ्याला कळू न देणारी पद्धत. तिची 1.0 आवृत्ती 1999ची, 1.2 ही 2008ची, 1.3 ही 2018ची. समजा फोन जुना आहे, त्याला 1.0 शिवाय काही येत नाही आणि सर्व्हर 1.2च्या खाली उतरायला तयार नाही. मग सर्व्हर काय करतो?

बहुतेकदा फक्त सात बाइट पाठवतो. सात! पहिला 21, म्हणजे ही सूचना आहे. पुढचे दोन आवृत्तीचे, नंतरचे दोन लांबीचे. सहावा 2: बोलणं इथंच संपलं. सातवा 70: आवृत्ती जुळत नाही. आणि हा नकार चक्क उघड्यावर येतो, कारण तो लपवायला लागणारी किल्लीच अजून ठरलेली नसते. ‘तरीही पुढे जा’ असं बटण इथे कोण देणार? पुढे वाटच नाही.

प्रमाणपत्राची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, अडचण निराळी. भाषा जुळते, पण समोरचा खरंच तोच का, हे पटत नाही. नेहमीचा ब्राउझर अशा वेळी तुम्हाला विचारतो. वेबव्ह्यू विचारतो ॲपला: थांबू की जाऊ? ॲपनं उत्तर लिहून ठेवलेलं नसेल तर तो थांबतो आणि तुमच्यासमोर कोरं पान येतं. त्या कोऱ्या पानावर चिडू नका; त्यानं तुम्हाला वाचवलेलं असू शकतं.

आता खरी करामत. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्रं फुकट देते. तिच्या पाठीशी असलेल्या आयडेनट्रस्ट या दुसऱ्या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राची (बाकीच्या प्रमाणपत्रांचा भरवसा ज्यावर टिकतो त्याची) मुदत 30 सप्टेंबर 2021ला संपणार होती, आणि अँड्रॉइड 7.1.1च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं नवं मूळ ओळखतच नव्हते. उपाय काय निघाला? संपत आलेल्या मुळानंच नव्या मुळाला सही दिली, तीही 30 सप्टेंबर 2024पर्यंतची. स्वतःच्या मुदतीपेक्षा तीन वर्षं जास्त! हे चाललं कसं? अँड्रॉइड आपल्याजवळच्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत तपासतच नाही. ते विश्वासाच्या यादीत आहे ना, एवढंच पाहतो.